स्टॅच्यूकाकांचं मत

आमच्या अंबरनाथच्या घराच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं एक गृहस्थ भाड्याने राहत होते, आणि त्या अकरातलं एक अख्खं वर्ष ते अजिबात न हलता उभे होते. हा हिशेब तुमच्या आजोबांचा. ते कारखान्यात फोरमन, त्यामुळे कशाचेही तास मोजायचा त्यांना नाद. दिवसाला सरासरी सव्वादोन तास धरून त्यांनी तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडला होता. मी म्हटलं, "आजारपणाचे दिवस वजा करा." त्यांनी केले. तरी वर्ष भरलंच.

त्यांचा धंदाच उभं राहण्याचा होता. तुम्हां नातवंडांना तिकडे परदेशात हे नीट समजावून सांगायला हवं. आपल्याकडे उत्सवात, मिरवणुकीत, सभेत 'सजीव देखावा' नावाचा प्रकार असतो. मातीच्या मूर्ती करण्याऐवजी खरी माणसं रंगवून, कपडे चढवून ट्रकवर किंवा मंचावर उभी करतात. दहा मिनिटांत कुणी पाठ खाजवतो, राजाची मिशी सुटते, आणि मागून कार्यकर्ता ओरडतो, "ए, हलू नको ना यार!" आमचे हे गृहस्थ मात्र चार-चार तास पापणीखेरीज काही हलवत नसत. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत सगळ्या मंडळांत त्यांना मागणी असे. गल्लीतली मुलं त्यांना स्टॅच्यूकाका म्हणत. हळूहळू मोठेही म्हणू लागले, आणि खरं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ते बारीक, मध्यम उंचीचे होते. चेहरा असा की पाठ फिरवली की आठवत नसे. मी बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, मग मुख्याध्यापिका झाले. हजारभर चेहरे माझ्या डोक्यात नावांसकट बसलेले होते. पण बाजारात हे समोर आले तर मला दोन क्षण लागत. एकदा त्यांना तसं बोलून दाखवलं, तर ते खूश झाले. "बाई, हीच तर माझी कमाई," म्हणाले.

रोज सकाळी ते परसात सराव करत. धुण्याच्या दोरीजवळ एक हात पुढे करून उभे राहत. अंगावर कावळा बसला तरी हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आमच्याकडे कपडे धुवायला येणाऱ्या बाईंनी पहिल्या आठवड्यात त्यांच्या त्या हातावर आजोबांचा पायजमा वाळत घातला. नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही नवीन खांब आणला." पायजमा वाळेपर्यंत काका उभे राहिले, मग घडी घालून आणून दिला.

पोस्टमन एकदा कुठल्याशा मंडळाचं, 'स्टॅच्यूकाका' एवढंच नाव घातलेलं रजिस्टर पत्र घेऊन आला. "सही करा," म्हणाला. काका उभे. "अहो, सही!" काका उभे. पोस्टमनने पाच मिनिटं वाट पाहिली, आणि पाकिटावर शेरा मारला : 'इसम समक्ष हजर, प्रतिसाद नाही.' ते पाकीट परत गेलं. मी रागावले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "त्याने लिहिलेलं खरं आहे ना बाई? मग झालं."

खरं असण्याबद्दल माझा आग्रह साऱ्या गल्लीला माहीत होता, हे इथेच सांगून ठेवते. शाळेचा दाखला असो की शेजाऱ्याचं रहिवाशाचं पत्र, स्वतः खात्री केल्याशिवाय मी कागदावर सही करत नसे. तुमचे आजोबा म्हणत, "हिला लग्नाच्या रजिस्टरवर सही करायला लावताना माझी काय दमछाक झाली, ते मलाच ठाऊक."

काका फोटो काढू देत नसत. मंडळाचा फोटोग्राफर आला की तेवढ्यापुरते ते हलत. सरळ पाठ फिरवत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "फोटोत सगळेच स्थिर असतात. त्यात माझं काय?" काम झालं की नळाखाली बसून रंग धुऊन टाकत. सफेदा आणि रुपेरी पूड वाहत माझ्या अळूच्या वाफ्यात जाई. एका वर्षी अळूच्या पानांना चांदीचा वर्ख लावल्यासारखी चकाकी आली, आणि माझ्या अळूवड्यांना घरात कुणी हात लावला नाही. "उतरलं की संपलं," एवढंच ते म्हणायचे. आज ट्रकवर राजा, उद्या वाफ्यात पाणी.

राजाही ते आमच्याच बुद्धविहाराच्या मिरवणुकीत झाले होते. युद्ध जिंकून खिन्न झालेला, हातातली तलवार टाकणारा राजा. तलवार अर्धी सुटलेली, बोटांना नुसती टेकलेली. सायंकाळी पाचपासून रात्री नऊपर्यंत ती तलवार पडली नाही की वर गेली नाही. आमच्या विहाराचे चिटणीस ट्रकमागून चालताना मला म्हणाले, "बाई, हा माणूस शंभर टक्के आपला. आतून असल्याशिवाय असं जमत नाही."

त्याच महिन्यात उल्हासनगरला सिंध्यांच्या चेटीचंडच्या मिरवणुकीत ते त्यांचा देव झूलेलाल होऊन माशावर बसले होते. पांढरी दाढी, मुकुट, हातात पोथी. कॅम्प दोनमध्ये कपडे भाड्याने देणारा एक ड्रेपरीवाला होता, त्याने मला शाळेच्या गॅदरिंगचे कपडे देता देता ती हकिगत सांगितली. मिरवणूक थांबलेली असताना एक म्हातारी सिंधी बाई ट्रकला धरून उभी राहिली, आणि फाळणीत सिंधमध्ये सुटलेल्या घराबद्दल, अंगणातल्या विहिरीबद्दल देवाशी बोलू लागली. आणि देवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. सफेद्यावरून दोन ओघळ दाढीत गेले. सगळी गल्ली हात जोडून उभी.

"मॅडम, वो अपना सिंधी आहे," ड्रेपरीवाला म्हणाला. "लिखके देतो. दुसरा कोणी रडेल कशाला?"

मी घरी येऊन काकांना विचारलं. ते म्हणाले, "डोळ्यात सफेदा गेला होता बाई. फार झोंबतो." आणि चहाचा कप तोंडाला लावून बराच वेळ बसले. कप रिकामा झालेला मला दिसत होता.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, की शरीराला इतका त्रास देऊन यात मिळतं काय? ते म्हणाले, "बाई, माणूस हलला की लोक विचारतात, कुठले तुम्ही? नाव काय? आडनाव? आडनाव कळेपर्यंत चैन पडत नाही त्यांना. उभ्या माणसाला आडनाव विचारत नाहीत. हार घालतात." आपल्या घरात या वाक्याचा अर्थ कुणाला फोड करून सांगावा लागला नाही.

आता मुख्य गोष्ट. निवडणुका आल्या की काकांचा हंगाम असे. ते सगळ्यांच्या ट्रकवर चढत. एका पक्षाने त्यांना रिकामा डबा देऊन 'महागाई' म्हणून उभं केलं. त्याच संध्याकाळी कुळगावात दुसऱ्या पक्षाकडे 'प्रगती' व्हायचं होतं. ट्रकला उशीर झाला, रंग धुवायला वेळ मिळाला नाही, तेव्हा डब्यासकट ते तिथे उभे राहिले आणि कार्यकर्त्यांनी फक्त पाटी बदलली. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच पडल्या. हे सांगताना ते इतके हसले की शेवटी खाली बसावं लागलं.

पण त्यानंतरच्या आठवड्यात बदलापूर गावातल्या सभेवरून परत आले ते हसत नव्हते. तिथे त्यांना 'भूमिपुत्र' केलं होतं. कमरेला लंगोट, डोक्याला फडकं, उंच धरलेल्या हातात कोयता. भाषण करणारा कार्यकर्ता पाऊण तास त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. कुठून कुठून लोक गाड्या भरभरून येतात, ना यांचं गाव, ना यांचा ठिकाणा. आधी यांची नावं यादीतून काढा, मग यांना काढा.

"पाऊण तास, बाई," काका म्हणाले. "माझ्याच खांद्यावर हात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? मी भूमिपुत्र होतो. कोयता धरून उभा होतो." मग म्हणाले, "यादीत नाव घालतात कसं हो?"

तो प्रश्न त्यांनी जिला विचारला ती व्यक्तीच त्या कामावर होती. मतदार याद्या दुरुस्त करायला सरकार शिक्षकांना घरोघर पाठवतं. आमच्या वॉर्डाची वही माझ्याकडे होती. साडेतीनशे घरं मी फिरले होते, आणि माझ्याच परसातला माणूस त्या वहीत नव्हता. आधीच्या दोन खेपांना मी विचारलं तेव्हा "मला कशाला, मी काय आज आहे उद्या नाही," म्हणून त्यांनी उडवून लावलं होतं. आता ते वहीसमोर खुर्ची ओढून बसले.

"नाव सांगा."

"लिहा ना काहीतरी."

"काहीतरी लिहायला हा निबंध नाही. नाव, वडिलांचं नाव, वय, मूळ गाव."

"सगळ्यांच्या ट्रकवर उभा राहिलो बाई. एकदा माझ्यासाठी रांगेत उभं राहायचंय. एवढं करा."

मी म्हटलं, चौकशी केल्याशिवाय करणार नाही. आणि केली. बदलापूर गावात एक म्हातारी आगरी बाई काकांना जेवायला घालायची, तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "यो आमचाच हाय बाय. त्याचा नाक बगा, आमच्या आळीचा नाक हाय." ड्रेपरीवाल्याचं मत मला माहीत होतं. विहाराच्या चिटणिसांचंही. तिघांनी मला तीन वेगळी नावं सांगितली, आणि तिघेही शपथेवर सांगायला तयार होते. तुमचे आजोबा म्हणाले, "तीन माणसं म्हणून नोंदव. पुरावा भक्कम आहे."

मी चिडून घरी आले आणि काकांना परसातच गाठलं. ते हात पुढे करून उभे होते. मी म्हटलं, "सराव बंद. वही बंद करायची तारीख उद्याची आहे. खरं सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

त्यांनी हात खाली घेतला. सराव अर्धवट सोडलेला मी त्या अकरा वर्षांत तेवढाच पाहिला. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. तिघांपैकी कुणाचंही नाव त्यात बरोबर नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते एकाच कामासाठी दिलं होतं.

"गाव?"

गावाचं नावही सांगितलं. मी म्हटलं, तिथल्या ग्रामपंचायतीला पोस्टकार्ड टाकते, आठ दिवस मुदत वाढवून घेते. ते म्हणाले, "पोचणार नाही. गाव धरणात गेलं. तिथे आता पाणी आहे. उन्हाळ्यात देवळाचा कळस तेवढा वर येतो, म्हणतात. त्याच्या नावाने टाका हवं तर."

मी वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. माझ्या आयुष्यातली खात्री न केलेली ती एकुलती एक सही.

मतदानाच्या दिवशी काका पांढराशुभ्र शर्ट घालून सकाळी सहालाच दारात हजर. आजोबांना दाढीसुद्धा करू देईनात. तरी माझं सगळं आवरून निघेपर्यंत साडेआठ झाले. नगरपालिकेच्या शाळेत केंद्र होतं. रांगेत चाळीसएक माणसं. आणि काय सांगू, चार तास पापणीखेरीज काही न हलवणारा तो माणूस त्या रांगेत सेकंदभर स्थिर राहीना. या पायावरून त्या पायावर. कॉलर नीट कर, पुढे वाकून मोज, मागे वळून सांग. "आता अठरा राहिले बाई. आता सतरा." पुढचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो काका, जरा एका जागी उभे राहा की!" आजोबांना हसू आवरेना, त्यांना रांग सोडून नळावर जाऊन यावं लागलं.

आत टेबलाशी बसलेल्या कारकुनाने यादीत पट्टी सरकवली, नाव मोठ्याने वाचलं, आणि मान वर केली.

"तुमचं झालंय."

"काय झालंय?"

"मत. पडलंय. सकाळी पावणेआठलाच येऊन गेलात तुम्ही."

मी त्यांच्या मागेच होते. काकांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि विचारलं,

"मी कसा होतो?"

"आँ?"

"म्हणजे तो. जो मी म्हणून आला. कसा उभा होता?"

"असाच... लुंगीवर होता. जरा जाडसर."

"जाड?" काका दुखावले. "आवाज?"

"घोगरा. पान होतं तोंडात."

"पान खाऊन आला? आणि तुम्ही मान्य केलंत? मी कधी पान खात नाही हो! निदान मिशी तरी?"

"मिशी होती."

"मला मिशी नाही!" काका मागे वळून मला म्हणाले, "बघितलंत बाई? काही अभ्यास नाही. लुंगी लावायची आणि यायचं."

पक्षांचे एजंट बाकावर बसून हसत होते. त्यांतला एकजण बदलापूरच्या सभेतला तोच भाषणवाला कार्यकर्ता होता. काकांकडे वरून खालपर्यंत बघत तो केंद्राध्यक्षांना म्हणाला, "साहेब, याला मी कधी पाहिला नाय. बाहेरचा वाटतो. पहिला आला तोच खरा असेल."

केंद्राध्यक्ष कोवळा तरुण होता, घामाघूम झालेला. "काका, जाऊ द्या ना," म्हणाला. "पुढल्या वेळी लवकर या."

आता माझी पाळी होती. मी पुढे झाले. "प्रदत्त मत," मी म्हटलं.

"काय मॅडम?"

"तुमच्या पिशवीत नियमांची पुस्तिका आहे, ती काढा. कुणाच्या नावावर आधीच मत पडलं असेल आणि खरा मतदार नंतर आला, तर त्याला प्रश्न विचारून खात्री करायची, आणि वेगळी मतपत्रिका द्यायची. देणं बंधनकारक आहे. पान मी काढून देते."

पुस्तिका निघाली. पान मिळालं. प्रश्न सुरू झाले. नाव, वडील, वय, घर नंबर. काकांनी सगळं घडाघडा सांगितलं. पण तो एजंट अडून बसला. "पाठ केलं असेल. यांना ओळखतं कोण इथे? मी दहा वर्षं या भागात फिरतो. एकदाही दिसला नाय."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग टेबलापासून दोन पावलं मागे सरले, डावा पाय पुढे टाकला, उजवा हात उंच धरला, मूठ आवळली, आणि थांबले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात काही नाही. पंखा चालू होता, शर्टाची बाही तेवढी हलत होती.

एजंटाचं तोंड हळूहळू उघडलं.

"आयला," तो म्हणाला. "भूमिपुत्र!"

"अरे, ही तर आपली महागाई!" दुसऱ्या पक्षाचा ओरडला.

"महागाई कसली? प्रगती! कुळगावला मीच आणला होता!" तिसऱ्याने त्याला खोडून काढलं.

रांगेतून कुणीतरी सिंधी आजोबा डोकावले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

केंद्राध्यक्ष रडकुंडीला आला. "अहो, पण यातलं एकही नाव यादीत नाहीये!"

"यादीतलं नाव त्यांनी तुम्हांला सांगितलंय," मी म्हटलं. "माझ्या घरात अकरा वर्षं राहतात. मी ओळखते." आणि एजंटाकडे वळून विचारलं, "तुमची काही हरकत?"

"माझी कशाला हरकत बाई," तो पुटपुटला. "याच्याच खांद्यावर हात ठेवून मी... जाऊ द्या. देऊन टाका."

मतपत्रिका मिळाली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे काका इतका वेळ होते की रांगेत आरडाओरडा सुरू झाला. बाहेर आले ते घडी दोन्ही हातांनी धरून, आणि पेटीकडे निघाले. केंद्राध्यक्षाने हात आडवा केला. "पेटीत नाही. हे वेगळं. माझ्याकडे द्या." त्याने ती एका पाकिटात घातली, त्यावर काहीतरी लिहिलं, आणि काकांची सही घेतली. पेटी तिथेच टेबलावर होती, हातभर अंतरावर.

परतताना ते माझ्याबरोबर चालत होते. आजोबा पुढे निघून गेले होते. शाळेच्या कोपऱ्यावर काकांनी विचारलं, "बाई, ते मोजणार ना?"

खोटं बोलणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "नाही. कुणी कोर्टात गेलं तरच उघडतात. नाहीतर पाकीट तसंच राहतं."

मला वाटलं, आता ते सभेवरून आले होते तसेच होतील. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे तो पानवाला मोजला जाणार. आणि मी नाही."

"हो."

"पण मी सही केली. माझ्या नावाची. आणि ते पाकीट सरकार कपाटात ठेवणार. लाख लावून."

"हो."

"धुऊन नाही जाणार," ते म्हणाले. "बाई, इतकी वर्षं केलेलं सगळं नळाखाली गेलं. एक राहिलं. कुठेतरी राहिलं."

अशी पाकिटं ठराविक मुदत संपली की नष्ट करतात. पुस्तिकेत, मी उघडून दिलेल्या पानापासून थोडं पुढे, ते स्वच्छ छापलेलं होतं. मला ते पाठ होतं. काका माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी दुरुस्त करीन अशी त्यांना सवयच होती.

मी म्हटलं, "उन्हं चढली, लवकर चला."